बिस्किटात मळी नव्हे, काकवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या शनिवारच्या आपल्या पुरवणीत नाताळानिमित्त साच्याने कापायच्या सुंठेच्या बिस्किटांची कृती प्रसिद्ध झाली आहे. शेजारी छापलेले चांदण्यांचे आणि घंटांचे छायाचित्र पाहून आमच्या घरच्या नाताळाची आठवण झाली आणि कृती कौतुकाने वाचायला घेतली. परंतु साहित्याच्या यादीतील तिसऱ्याच ओळीत ‘दीड वाटी मळी’ असे वाचून मी थबकले. त्याच संध्याकाळी ठाण्याला राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. तिने तीन दुकाने पालथी घातली होती, आणि तिसऱ्या दुकानदाराने तिला, ‘ताई, जनावरं कुठं बांधलीत?’ असे विचारले होते. हे पत्र त्या फोनमुळे लिहीत आहे.

मी मूळची अहमदनगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथल्या लहान मुलालाही मळी म्हणजे काय हे वासावरून कळते. उसाच्या रसातून काढता येईल तेवढी साखर काढून झाल्यावर कारखान्यात जो काळा, दाट, कडवट पाक उरतो, ती मळी. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते, तिच्यापासून मद्यार्क तयार होतो, थोडी पशुखाद्यात जाते, आणि तिची साठवण व वाहतूक राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय करता येत नाही. आमच्याकडचे शेतकरी तर रस निवळल्यावर मागे राहणाऱ्या गाळालाही मळीच म्हणतात आणि तो खत म्हणून शेतात पसरतात. यांपैकी कोणतीच वस्तू दीड वाटी घेऊन बिस्किटात घालण्याजोगी नाही. मूळ इंग्रजी कृतीत ‘मोलॅसिस’ हा शब्द असणार आणि शब्दकोशात त्याच्यासमोर ‘मळी’ लिहिलेले असणार, एवढाच काय तो घोटाळा आहे. अमेरिकेत खाण्यासाठी वेगळी केलेली मोलॅसिस बाटलीत भरून किराणा दुकानात मिळते. आपल्याकडे तिच्या जागी शोभेल अशी, किंबहुना चवीला तिच्याहून सरस अशी वस्तू गुऱ्हाळात शतकानुशतके तयार होत आली आहे, आणि ती म्हणजे काकवी.

हे मी पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्या घरात ही बिस्किटे निदान तीन पिढ्या होत आहेत. बोस्टनच्या मिशनरी मंडळाने अहमदनगरात १८३१ साली आपले केंद्र उघडले, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिथे आलेल्या अमेरिकन कुटुंबांबरोबर त्यांच्या नाताळाचे खाणेही आले. माझी आजी तरुणपणी अशाच एका मडमबाईंकडे स्वयंपाकाला होती. तिथे ती ही बिस्किटे शिकली आणि घरी येऊन तिने ती वहीत उतरवून ठेवली. त्या वहीत ‘मोलॅशीस’ हा शब्द शाईने खोडलेला असून वर पेन्सिलीने ‘काकवी’ लिहिले आहे. मडमबाईंचा मायदेशाहून आलेला डबा संपला आणि दुसरा यायला सहा महिने होते, तेव्हा हा बदल आजीनेच सुचवला, असे ती सांगत असे. मडमबाईंनी पहिले बिस्किट खाऊन काय म्हटले हे मात्र तिने दर वर्षी वेगवेगळे सांगितले, त्यामुळे ते इथे लिहीत नाही.

बोस्टन आणि मोलॅसिस यांचे नाते फार जुने आहे. वेस्ट इंडीज बेटांवरून पिंपे भरभरून तो पाक त्या बंदरात येई. त्याची रम होई आणि घराघरांत त्याचीच बिस्किटे भाजली जात. १५ जानेवारी १९१९ रोजी त्या शहरात मोलॅसिसची एक अवाढव्य टाकी फुटून रस्त्यांतून पाकाची लाट धावली आणि २१ माणसे दगावली. त्या टाकीतला पाक औद्योगिक मद्यार्कासाठी साठवलेला होता, म्हणजे आपल्या अर्थाने ती खरोखरच मळी होती. आपल्या अनुवादकांना हा शब्द तिथे बिनचूक वापरता आला असता.

आता काकवीविषयी. गुऱ्हाळात रस उकळताना तो निवळावा म्हणून चुना घालतात, रानभेंडीचा चिकट रसही घालतात आणि वर येणारी मळी (पाहा, हा शब्द इथेही आलाच) झाऱ्याने काढून टाकतात. कढईतील रसाचे तापमान १०५-१०६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की काकवी काढून घेतात. तोच रस पुढे ११६ ते ११८ अंशांपर्यंत आटवला की त्याचा गूळ होतो. अर्थात काकवीत पाण्याचा अंश बराच असतो आणि मोलॅसिसपेक्षा ती पातळ असते. ती बाटलीतून थेट पिठात ओतली तर गोळा सैल होतो, सैल गोळ्यात आपण आणखी मैदा दडपतो, आणि मग बिस्किटाऐवजी जाड, फिकट, दातांना न जुमानणारे काहीतरी हाती येते. आजी ४०० ग्रॅम काकवी मंद आचेवर ठेवून ३४० ग्रॅमपर्यंत आटवून घेई आणि पूर्ण गार करून मगच वापरी. चुन्यामुळे काकवीचा आंबटपणाही कमी झालेला असतो. खाण्याच्या सोड्याला फसफसण्यासाठी काहीतरी आंबट लागते. मोलॅसिसमधून ते मिळते, काकवीतून पुरेसे मिळत नाही, आणि मग उरलेल्या सोड्याची साबणासारखी चव जिभेवर राहते. आजीच्या वहीत सोड्याचे माप म्हणूनच निम्मे केलेले आहे. आपल्या पुरवणीतील कृतीत सोडा दोन चमचे आहे. काकवी घालून ती कृती कोणी केली तर चव तर बिघडेलच, शिवाय सोड्याच्या जोराने बिस्किटे फुगून पसरतील आणि तव्यावरच्या धिरड्यासारखी एकमेकांना चिकटतील.

साच्याच्या बिस्किटाचे सगळे कौशल्य त्याचा आकार टिकवण्यात आहे. नानकटाई पसरली, तडकली तरी ती नानकटाईच राहते, उलट तडकलेली अधिक चांगली. चांदणीची पाच टोके मात्र भट्टीत गेली तशीच बाहेर यावी लागतात. म्हणून या कृतीत मापाला महत्त्व आहे, आणि आपल्या कृतीत सगळीकडे ‘वाटी’ आहे. कोणाची वाटी? माझ्या स्वयंपाकघरात आमटीची वाटी १५० मिलिलिटरची आहे, सासूबाईंच्या रुखवतातली २०० ची आहे, आणि इंग्रजी कृतीतला कप २४० मिलिलिटरचा असतो. शिऱ्याला किंवा खिरीला हे चालते, कारण तिथे सगळेच जिन्नस एकाच वाटीने मोजले जातात आणि हात सैल सोडता येतो. इथे मात्र अंडी नगावर मोजायची, लोणी वजनावर आणि मैदा वाटीने, असा संकर झाला की प्रमाण हटकून चुकते.

आमच्याच घरात हा धडा फार गमतीशीर रीतीने मिळाला. आजीच्या वहीत ‘पावशेर लोणी’ असे लिहिले आहे. जुना बंगाली शेर म्हणजे ८० तोळे, आजच्या हिशेबाने ९३३ ग्रॅम. त्याचा पाव म्हणजे २३३ ग्रॅम. मडमबाईंच्या कृतीत अर्धा पौंड, म्हणजे २२७ ग्रॅम, लोणी असणार आणि आजीने ते पावशेराशी जुळवून घेतले, हे सरळ दिसते. पुढे देशात मेट्रिक वजने आली, १९६२ पासून तीच सक्तीची झाली, आणि घरोघरी ‘पावशेर’ म्हणता म्हणता लोक पाव किलो मोजू लागले. आईनेही तेच केले. मैदा मात्र ती मडमबाईंनी दिलेल्या इनॅमलच्या कपानेच मोजत राहिली. लोणी सतरा ग्रॅमने वाढले आणि मैदा होता तेवढाच राहिला. शिवाय घरच्या लोण्यात ताकाचा अंश असतोच. एवढ्याने बिस्किट नासत नाही, पण चांदण्यांची टोके बोथट झाली आणि घंटा बटाट्यासारख्या दिसू लागल्या. ‘आताच्या मैद्यात दम नाही’ असा निवाडा आईने आणि मावशीने देऊन टाकला होता, तो जवळपास वीस वर्षे टिकला. मी नोकरीत असताना एकदा वाणसामानाच्या जुन्या पावत्या चाळत बसले होते, तेव्हा शेर आणि किलो यांचा हा घोळ माझ्या लक्षात आला आणि मैद्यावरचा कलंक पुसला गेला.

दुसरी न लिहिलेली गोष्ट म्हणजे थंडी. आजीच्या वहीत ‘पीठ मळून झाकून ठेवावे, सकाळी लाटावे’ इतकेच आहे. कुठे ठेवावे याबद्दल एक अक्षर नाही. नगरला डिसेंबरात रात्री पारा सहज १०-१२ अंशांपर्यंत उतरतो, आणि आमचे स्वयंपाकघर पत्र्याच्या छपराखाली होते. ओट्यावर झाकून ठेवलेला गोळा सकाळी इतका घट्ट झालेला असे, की लाटण्याने आधी तो ठोकावा लागे. हवेनेच हे काम केल्यामुळे ते लिहून ठेवावे असे कोणाला वाटलेच नाही. मी लग्नानंतर मुंबईत पहिल्यांदा ही बिस्किटे केली तेव्हा गोळा तसाच ओट्यावर ठेवला, सकाळी तो मेणासारखा मऊ झाला होता, आणि भट्टीत गेलेल्या चोवीस चांदण्यांची एक सलग पोळी बाहेर आली. सासऱ्यांनी ती सुरीने कापून, ‘वड्या छान झाल्यात,’ असे म्हणत खाल्ली. आपल्या पुरवणीतील कृतीत ‘पीठ अर्धा तास मुरू द्यावे’ असे आहे. मुरणे निराळे आणि गारठणे निराळे. गोळा फ्रिजमध्ये निदान दोन तास, शक्यतो रात्रभर ठेवावा लागतो, कारण त्यात दोन गोष्टी साधतात: लोणी घट्ट होऊन कापलेली कड धारदार राहते आणि ओव्हनमध्ये वितळण्याआधी कड शिजून पक्की होते, शिवाय मळताना मैद्याला आलेला ताण निवतो, त्यामुळे लाटलेली पोळी मागे आकसत नाही आणि गोल साच्यातून लंबगोल बिस्किट निघत नाही.

लाटण्याबद्दल आपल्या कृतीत ‘पातळ लाटावे’ म्हटले आहे. पातळ म्हणजे पापडाइतके की पुरीइतके? आमच्याकडे पाच मिलिमीटर जाडी ठरलेली आहे. पोळपाटाच्या दोन्ही कडांना तेवढ्याच जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांच्यावरून लाटणे फिरवले की पोळी सगळीकडे सारखी होते. नाहीतर एकाच पत्र्यावरची निम्मी बिस्किटे करपतात आणि निम्मी कच्ची राहतात. पिठी लावून लाटणे मी सोडून दिले आहे, कारण पिठी वाढत जाते आणि बिस्किट वरून भुरकट, कोरडे होते. दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, तीन बाजूंनी कापून उघडावी आणि तिच्या दोन पदरांमध्ये गोळा ठेवून लाटावा. साचे उमटवून झाल्यावर पोळी पिशवीसकट पंधरा मिनिटे पुन्हा फ्रिजमध्ये ठेवली की बिस्किटे सुरीच्या टोकाने अलगद उचलता येतात. उरलेले तुकडे एकदा पुन्हा लाटावेत. तिसऱ्यांदा लाटलेली बिस्किटे चिवट होतात. आमच्या घरी तिसऱ्या लाटणीचा माल मुलांचा, असा कायदा होता, आणि त्यामुळे साचे उमटवताना आम्ही मुद्दाम मोठमोठ्या फटी सोडत असू.

साचे आजीने पेठेतल्या एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करून घेतले होते. वनस्पती तुपाच्या डब्याच्या पट्ट्या कापून, वाकवून आणि सांध्याला डाग देऊन त्याने चांदणी, घंटा, मासा आणि उंट असे चार साचे केले. मागी राजांच्या, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या, गोष्टीतला उंट दर वर्षी मानेपाशी मोडायचा, कारण मान शरीरापेक्षा फार बारीक होती आणि शरीर भाजून होईपर्यंत ती करपून जाई. शेवटी त्याच कारागिराने मान ठोकून आखूड आणि जाड केली. तेव्हापासून आमचा उंट पाहुण्यांना कासव वाटतो, पण तो मोडत नाही. अशी बारीक अंगे असलेले साचे आता बाजारात फार येतात, दिसायला देखणे असतात. ते घेताना हा विचार करावा. बिस्किट झाडाला टांगायचे असेल तर दोऱ्यासाठी भोक भाजण्याआधी पाडायचे, आणि ते चांगले जवारीच्या दाण्याहून मोठे पाडायचे, कारण भाजताना ते बुजत जाते.

भाजण्याचे माझ्या आयुष्यात चार प्रकार झाले. आजी पातेल्यात वाळू तापवून, वर ताट आणि ताटात निखारे ठेवून भाजत असे. आईच्या काळात पत्रे भरून बेकरीत नेत असू. पाव काढून झाल्यावर भट्टीचा जाळ उतरलेला असे आणि त्या उतरत्या उष्णतेत बिस्किटे फार सुरेख होत. त्यानंतर ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन आला, त्याला काचेचे झाकण होते पण तापमानाचा काटा नव्हता, त्यामुळे आम्ही सगळी भावंडे त्या काचेला डोळे लावून बसत असू. आता तापमान लावता येणारा ओव्हन आहे. तो १७५ अंशांवर आधी पूर्ण तापू द्यावा आणि बिस्किटे नऊ ते दहा मिनिटे भाजावीत. बाहेर काढताना ती मध्ये मऊ लागतात, आणि तिथेच नवशिके फसतात. कड पक्की झाली असेल तर बिस्किट झाले, ते गार होताना कडक होते. आपल्या कृतीत ‘खरपूस रंग येईपर्यंत, सुमारे २० मिनिटे’ असे आहे. काकवीचे पीठ मुळातच तपकिरी असते, त्यात खरपूस रंग ओळखायचा कसा, हे मला उमगले नाही.

आमच्या घरची मापे मी ग्रॅममध्ये देत आहे. मैदा ७०० ग्रॅम, लोणी २३३ ग्रॅम (वजनकाट्यावर, अंदाजाने नव्हे), पिठीसाखर २०० ग्रॅम, आटवून गार केलेली काकवी ३४० ग्रॅम, दोन अंडी, सोडा सपाट एक चमचा, सुंठपूड चार चमचे, दालचिनीची पूड दोन चमचे, लवंगेची पूड अर्धा चमचा, मीठ अर्धा चमचा. चमचा पाच मिलिलिटरचा. लोणी आणि साखर हलके होईपर्यंत फेटून त्यात अंडी, मग काकवी, आणि शेवटी एकत्र चाळलेले कोरडे जिन्नस घालावेत. गोळा जमला की हात थांबवावा, पोळीच्या कणकेसारखा तिंबू नये. यात शंभराच्या आसपास बिस्किटे होतात. लोण्याऐवजी साजूक तूप वापरायचे असेल तर लोण्याइतकेच तूप घेऊन चालत नाही, कारण लोण्यात पाणी असते आणि तुपात नसते. १९० ग्रॅम थिजलेले तूप घेऊन पिठात दोन-अडीच मोठे चमचे दूध घालावे. अंडी नको असतील त्यांनी ८० ग्रॅम घट्ट दही घालावे, बिस्किट थोडे अधिक ठिसूळ होते पण दह्याचा आंबटपणा सोड्याला उपयोगी पडतो. वरून पिठीसाखर आणि लिंबाचा रस यांचे घट्ट मिश्रण कागदाच्या कोनातून काढावे, तेही बिस्किट पूर्ण गार झाल्यावर.

आमच्याकडे नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू असाच असतो आणि ताट भरून शेजारी जाते, जसे दिवाळीत आणि ईदेला त्यांचे आमच्याकडे येते. त्या ताटात ही काळसर बिस्किटे वर ठेवलेली असत आणि शेजारच्या काकू ताट परत देताना त्यात आठवणीने थोडी साखर घालून पाठवत. त्या वर्षांत कोणी आम्हाला कृती विचारली तर आजी ‘मावेल तेवढा मैदा’ असे सांगून मोकळी होई. तिच्या हाताला ते कळत होते. आपल्या पुरवणीच्या वाचकाजवळ तो हात नाही, त्याच्याजवळ फक्त छापलेले शब्द आहेत.

म्हणून दोन विनंत्या आहेत. पहिली, ‘मळी’च्या जागी ‘काकवी’ अशी ठळक दुरुस्ती छापावी आणि सोड्याचे माप कमी करावे. दुसरी, भाजायच्या पदार्थांची कृती यापुढे ग्रॅममध्ये द्यावी आणि छापण्यापूर्वी कोणीतरी ती एकदा आपल्या हवेत, आपल्या ओव्हनमध्ये करून पाहावी. हवी असल्यास मी करून पाहीन, तिसऱ्या लाटणीची बिस्किटे मात्र मी ठेवून घेईन. दुरुस्ती येत्या दोन-तीन दिवसांतच यावी. नाताळ जवळ आला आहे आणि पीठ आदल्या रात्री मळावे लागते.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे